चाळीस नंबरची तार

गावाचं नाव लिहीत नाही. एक तर मी अजून तार ऑफिसात नोकरीला आहे. दुसरं म्हणजे, हे वरच्या कुणी वाचून मला चार प्रश्न विचारले, तर चारांपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. तापीच्या उत्तरेला, प्रकाशा या गावापासून साडेतीन कोसांवर ते गाव आहे, एवढं पुरे.

१९५८ च्या जूनमध्ये माझी तिथे बदली झाली. एका लांबट कौलारू घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे ऑफिस, एकीत पोस्ट आणि एकीत तार. मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. तारेच्या खोलीत एक जुनं टेबल, त्यावर तार पाठवायची कळ, आलेले ठोके वाजवणारा पितळेचा साउंडर आणि तारेत करंट आहे की नाही ते दाखवणारी सुई. कोपऱ्यात बॅटरीच्या बरण्या आणि भिंतीला टेकून एक लाकडी कपाट. टेबलामागची भिंत एकाच विटेची होती आणि तिच्या पलीकडे आमची चूल. त्यामुळे ऑफिसात डाळीच्या फोडणीचा वास यायचा आणि स्वयंपाकघरात साउंडरची कटकट ऐकू जायची.

सरलाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या भिंतीचा लगेच उपयोग करून घेतला. जेवण तयार झालं की ती डावाने भिंत ठोकायची. मी इकडून टेबल ठोकून पोच द्यायचो. दिली नाही तर ती थांबायची नाही. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर एकदा भिंतीतून सात मिनिटं ठोके येत राहिले, तेव्हा मी घुशी फार झाल्या आहेत असं सांगितलं. ती नंदुरबारची, सातवी पास, कानाची तिखट. दोन महिन्यांत नुसतं ऐकून ऐकून तिला तारेच्या ठोक्यांतले आकडे ओळखता यायला लागले. आखूडला एक ठोका, लांबला डाव भिंतीवरून ओढायचा, अशी तिची पद्धत.

मी नियमाचा माणूस. ऑफिसच्या वेळेत चुलीकडे पाऊल टाकायचो नाही. त्यावरून ती मला 'कायदेबुवा' म्हणायची. हे नाव आमच्या दोघांतलं होतं. चारचौघांत ती मला 'अहो' म्हणायची, आणि तिच्या आईलाही हे नाव कधी कळलं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

शुभेच्छांच्या तारा कशा जातात हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक नसेल, तर तेही इथेच सांगतो. दिवाळी, लग्न, मुलगा, परीक्षा अशा प्रसंगांची वाक्यं खात्याने छापून ठेवलेली असतात आणि प्रत्येक वाक्याला नंबर असतो. गिऱ्हाइकाने वाक्य निवडलं की आम्ही तारेवर फक्त नंबर टाकतो. पलीकडचा बाबू आपल्याकडची यादी बघतो आणि फुलांच्या फॉर्मवर अख्खं वाक्य लिहून देतो. म्हणजे वाक्य तारेतून जातच नाही. ते दोन्हीकडे आधीच ठेवलेलं असतं आणि आकड्याने हाक मारली की बाहेर येतं. शिकाऊ असताना मला याचं फार नवल वाटायचं. पुढे सवय झाली आणि नवल गेलं. ते परत येईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या वेळची छापील यादी चोविसावर संपत होती.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी यादी शोधायला कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद खळीने चिकटवलेला. अक्षर वळणदार, शाई जुनी. पंचविसापासून पुढे हाताने लिहिलेले नंबर. सव्वीस, घोडा विकला, निघालो. एकतीस, बाळंतीण सुखरूप. चौतीस, नदी उतरल्यावर येतो. असं एकोणचाळीसपर्यंत. शेवटी चाळीस, आणि त्याच्यापुढे कोरी जागा.

माझं डोकं तडकलं. माझ्या आधी तिथे अकरा वर्षं उखाजी म्हणून गृहस्थ होते. त्यांनी आणि नंदुरबारच्या बाबूने मिळून खाजगी नंबर चालवले होते, हे उघड होतं. खात्याच्या तारेवर घरची यादी! मी तार शिपायाला हाक मारली. दोधू पन्नाशीचा होता आणि उखाजींच्या काळापासून सायकलवर तारा वाटत होता.

"हे काय आहे, दोधूभाऊ?"

त्याने कागद पाहिला आणि टोपी सारखी केली. "ते उखाजीनं लिखेल शे. लोकेस्ना तारा येत ना, त्यास्नं."

"नंदुरबारहून कोण पाठवायचं?"

"ते माले ठाव नही, मास्तर."

मी कागद खरवडून काढला आणि बंबात घातला. नंदुरबारला दलसिंग म्हणून बाबू होता, त्याला तारेवरच बजावलं की चोविसाच्या पुढचा नंबर यापुढे घेणार नाही. दलसिंगचा हात, म्हणजे कळ दाबायची लकब, मी झोपेतही ओळखला असता, इतका तो सफाईदार होता. त्याने उलट विचारलं, "कोणता नंबर? चोविसाच्या पुढचा मी आजवर एकही पाठवलेला नाही."

मला ते खोटं वाटलं.

सरला त्या बंबाच्या पाण्याने न्हाली आणि हसत बाहेर आली. "कायदेबुवा, चाळीस नंबर कोरा व्हता ना? तो मी लिधा. आपला दोन्हीस्ना."

"त्याचा मजकूर काय?"

"आजून ठरना नही. ठरना की सांगसू."

तेव्हापासून ती जेवणाऐवजी कधीकधी चाळीस ठोकायची. चार ठोके, एकदा डाव ओढायचा, मग पाच वेळा लांब ओढायचा. मी आत जाऊन विचारलं की म्हणायची, आजून ठरना नही. भिंतीवर डावाच्या रेघा उमटल्या होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटी, सकाळी साडेदहाला, साउंडरवर एकतीस आला. प्रकाशाच्या तुळशीबाईंच्या नावावर. पाठवणाऱ्या ऑफिसचं नाव नव्हतं. हात दलसिंगचा नव्हता. हात कुणाचाच नव्हता असं मला वाटलं. इतके सारखे ठोके माणूस देत नाही, तो कुठेतरी घाई करतो किंवा रेंगाळतो.

मीही हट्टी. फॉर्मवर तुळशीबाईंचा पत्ता लिहिला आणि मजकुराच्या जागी नुसता आकडा, ३१. म्हटलं, जाऊ दे असाच. तक्रार येईल आणि हा प्रकार आपोआप थांबेल.

दोधू दुपारी परत आला. "दिनी तार. बाईनी वाची काढी."

"काय वाचलं? त्यात काहीच नव्हतं. आणि त्यांना वाचता येतं?"

"येत नही," दोधू म्हणाला आणि सायकल पुसायला लागला.

रविवारी मी स्वतः प्रकाशाला गेलो. तुळशीबाई गुजर पाटलांच्या घरच्या, साठीच्या पुढच्या, अंगणात कपाशीतला कचरा वेचत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सुनेला चहा टाकायला लावलं आणि कमरेच्या पिशवीतून फॉर्म काढला. तोच होता. माझ्या हातचा ३१.

"यात काय लिहिलं आहे, आजी?"

"तुम्हीच धाडं ना?" त्या हसल्या. मग बोट कागदाच्या डाव्या कडेला ठेवलं आणि सावकाश उजवीकडे नेलं. ओळ संपली की खाली यायच्या आणि पुन्हा डावीकडून सुरू करायच्या. "मंगलाले पोरगी व्हयनी. दोन्ही खुशाल शेतस. पोरगीना उजवा कानमांगे तीळ शे. जावईले ताप व्हता, आते उतरना. माय, तू काळजी करू नको..."

बोट सहा ओळी खाली गेलं. कागदावर दोन आकडे होते, वरच्या बाजूला. बाकी कोरं.

"आजी, मला तर नुसते एकतीस दिसतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तापातल्या माणसाकडे पाहावं तसं. "इतलं सारं लिखेल शे, अन् तुमले दिसत नही?" मग सुनेकडे वळल्या. "हिलेबी दिसत नही. जेनं तेले दिसस, बाकीनास्ले काय करनं?"

त्यांची मुलगी मंगला व्याऱ्याला दिलेली होती. आठ दिवसांनी जावयाचं पोस्टकार्ड माझ्याच टेबलावरून गेलं. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये असा नियम आहे. मी वाचलं. मुलगी झाली होती, जावयाला हिवताप येऊन गेला होता. तिळाचं काही नव्हतं. पुढे मार्चमध्ये मंगला माहेरी आली तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून गेलो आणि पाळण्यातल्या मुलीचं डोकं वळवून पाहिलं. तीळ उजव्या कानामागे होता, तुरीच्या डाळीएवढा.

पण त्याआधी, डिसेंबरात, मी उखाजींना भेटायला सारंगखेड्याला गेलो. निवृत्त होऊन ते तिथे राहत होते. दत्तजयंतीची यात्रा भरली होती. नदीकाठच्या मैदानात घोड्यांच्या रांगा, खरारे चाललेले, धुळीत लिदीचा आणि ताज्या गवताचा वास. उखाजी एका झाडाखाली खाट टाकून बसले होते. सडपातळ, पांढऱ्या मिश्या, आणि बोलताना बोटं खाटेच्या माच्यावर आपसूक हलत होती. ती सवय आमच्या धंद्यात सगळ्यांनाच लागते.

मी सगळं सांगितलं. यादी जाळली तेही सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

"जाळी ते जाळी," ते म्हणाले. "ती यादी काही कामनी नव्हती."

"तुम्हीच तर वाक्यं ठरवलीत."

"मी?" त्यांची बोटं थांबली. "मास्तर, मी एकबी वाक्य ठरावं नही. पहिले आकडा यायेत. मी नुसता आकडा लिखी देऊ. लोके ते वाचेत, रडेत, हासेत. मंग मी इचारू, काय लिखेल शे? ते सांगेत, तेन्हामाईन थोडं मी उतारी लिधं. आपलं ध्यानमा ऱ्हावाकरता. यादी मांगून व्हयनी, तारा पहिले."

जवळच कुणीतरी घोडी नाचवत होतं, लोक टाळ्या वाजवत होते.

"मग मजकूर कुठे असतो?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढं मोठं काहीतरी आपल्या टेबलावरून रोज जातं आणि आपल्याला त्यातले फक्त ठोके ऐकू येतात, या विचाराने माझा ऊर भरून आला होता. भीती नव्हती ती. देवळात पहिल्यांदा नेलेल्या मुलाला वाटतं तसं काहीतरी होतं.

उखाजींची बोटं माच्यावर पुन्हा हलायला लागली. "अकरा वरीस मी तेच इचारं."

"आणि चाळीस?"

"तो कव्हयच उना नही. आकडा लिखी ठेवा. उना ते तुम्ही उतारा." अकरा वर्षांत तो आकडा त्यांच्याकडे एकदाही आला नव्हता.

घरी येऊन मी सरलाला सगळं सांगितलं. ती एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करायची, पण याची केली नाही. "म्हंजे मायले वाचता येत नही तरी पोरनं सारं समजनं," ती म्हणाली. मग उठून भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. तेव्हा तिला नुकते दिवस गेले असावेत. मला फेब्रुवारीत कळलं.

जुलैत मी तिला बाळंतपणाला नंदुरबारला धाडलं, प्रकाशापर्यंत पोचवायला गेलो. प्रकाशाला नावेत बसताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "खबर लगेच धाडसू." मी म्हणालो, छापील यादीत मुलगा आणि मुलगी दोन्हींसाठी नंबर आहेत, त्यातलाच पाठव. ती हसली. माझं शेवटचं बोलणं तिच्याशी हे असं झालं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सप्टेंबरात तापीला पूर आला. शनिवारी प्रकाशाजवळचे तारेचे खांब वाहून गेले आणि नाव बंद झाली. नंदुरबारशी संबंध तुटला. रविवारी मी साउंडरची तार सोडून वेगळी केली आणि बॅटरीच्या बरण्या धुवायला काढल्या, कारण नाहीतरी काम नव्हतं. सरलाला नववा सरून चार दिवस झाले होते. मी दिवसातून दहा वेळा टेबलाशी जाऊन बसत होतो आणि दहा वेळा उठत होतो.

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी साउंडर वाजला.

मी बरण्या पुसत होतो. दोधू दाराशी बसला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुई शून्यावर होती. सोडलेली तार टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

साउंडरने आमच्या ऑफिसची खूण दिली. मग चार आखूड, एक लांब. मग पाच लांब.

आणि थांबला.

पत्ता नाही. पाठवणारं ऑफिस नाही. नाव नाही.

मी फॉर्म ओढला. मजकुराच्या जागी ४० लिहिलं. बिनपत्त्याची तार फॉर्मवर चढवायची नाही असा नियम आहे. आणि चाळीस कुणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. पत्त्याच्या जागी मी माझं नाव घातलं. हिलाल, तारबाबू.

मग कागदाकडे बघत बसलो.

काही दिसलं नाही.

मी तो खिडकीशी नेला. तिरपा धरला. डोळे मिटून उघडले. तुळशीबाईंसारखं बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं. दोन आकडे होते, माझ्या हातचे. बाकी कोरं. सरला जिवंत आहे का, एवढंच मला वाचायचं होतं. एक शब्द दिसला असता तरी पुरे होतं.

दोधू उठून माझ्यामागे आला. "दिसस का, मास्तर?"

मी नाही म्हटलं, तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली.

ऑफिस त्याच्यावर टाकून मी चिखलातून प्रकाशाला गेलो. नोकरीत पहिल्यांदाच कामाच्या वेळेत ऑफिस सोडलं. नदी काठ सोडून शेतात शिरली होती, गढूळ आणि आवाज करणारी. पलीकडचा काठ दिसत नव्हता. नावाडी म्हणाला, परवापर्यंत नाव काढ म्हणूच नका. मी तुळशीबाईंच्या घरी गेलो आणि फॉर्म त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेला. "हाई मन्हं नही शे. माले काही दिसत नही."

"माझं आहे, आजी. पण मलाही दिसत नाही."

मग त्यांनी आकड्याच्या वर, पत्त्यावर बोट ठेवलं. "हाई नाव कोनी लिखं?"

"मीच."

त्यांनी फॉर्म घडी करून माझ्या खिशात घातला आणि म्हणाल्या, "नदी उतरू द्या. आते जाऊ नका."

गुरुवारी नाव सुटली. नंदुरबारला सासुरवाडीच्या दाराशी पोचलो तेव्हा ओसरीवर माणसं बसलेली होती आणि कुणी माझ्याकडे नीट बघेना. सासूबाई, प्रमिलाबाई, बाहेर आल्या. त्यांच्या हातात कपड्यात गुंडाळलेली मुलगी होती. सरला मंगळवारी सकाळीच गेली होती. मुलगी झाली, आणि मग रक्त थांबेना. डॉक्टर बसले होते, औषध होतं, तरी थांबेना.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. मग विचारलं, शेवटी काही बोलली का.

"बोलता येत नव्हतं तिले," सासूबाई म्हणाल्या. "पोरगीले तिना बाजूले ठेवं. तिनाकडे पाही ऱ्हायंती. अन् हात चाली ऱ्हायंता. बोट आपटे खाटनी पाटीवर, मंग नख ओढे. आपटे, मंग ओढे. आम्हले वाटनं, जीव तडफडी ऱ्हायना."

मी आत जाऊन खाट पाहिली. पाटीवर सहा ओरखडे होते. एक वेगळा, आणि मग पाच ओळीने.

मुलीचं नाव निर्मला ठेवलं. ती आजीकडे वाढली. मी महिन्यातून एकदा जायचो, खेळणं न्यायचो, आणि तिने बोटं माझ्या हातात दिली की मला तिथून उठून बाहेर यावंसं वाटायचं. तो फॉर्म मी ट्रंकेत, सरलाच्या लुगड्याच्या घडीत ठेवला होता. दर काही दिवसांनी काढून बघायचो. दोन आकडे. मला वाटायचं, माझ्यावर ती रागावली असणार. छापील यादीतला नंबर पाठव म्हणणाऱ्या माणसाला काय दिसणार? इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, याचं दुःख कसं असतं ते मी सांगू शकत नाही. तारा तशा येतच राहिल्या, महिन्या-दोन महिन्यांतून एखादी. मी आकडा लिहून देत राहिलो. लोक वाचत राहिले. कुणाच्या तारेवर मी परत संशय घेतला नाही.

१९६४ च्या जूनमध्ये सासूबाईंची तब्येत बिघडली आणि मी निर्मलाला माझ्याकडे आणलं. पावणेपाच वर्षांची, कानाची तिखट, अजून शाळेचं तोंड न पाहिलेली. तिला 'अ' सुद्धा ओळखता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मी टेबलाशी बसून रजिस्टर भरत होतो. मी शेजारी आणून दिलेली ट्रंक ती उचकत होती. आईचं लुगडं दाखव म्हणून सकाळपासून मागे लागली होती. मग बराच वेळ तिचा आवाज आला नाही. मी वळून पाहिलं.

ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. फॉर्म पुढ्यात होता. तिचं बोट कागदावर डावीकडून उजवीकडे सरकत होतं. ओळ संपली की खाली येत होतं.

मी टाक खाली ठेवला.

ती मध्येच एकदा हसली. मग पुन्हा बोट फिरवायला लागली. तळाशी आल्यावर तिने कागद उलटला आणि मागच्या बाजूला वरपासून सुरुवात केली.

"निर्मला," मी म्हणालो. "काय करतेस?"

"वाची ऱ्हायनू." तिने मान वर केली नाही. "बाबा, कायदेबुवा म्हंजे कोन?"

खिडकीबाहेर कपाशीच्या बियांनी भरलेली बैलगाडी चालली होती. मला अजून आठवतं, तिच्या एका चाकाला वंगण नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

"मंग तुमनं बी नाव शे यामा. शेवटले."

तेव्हा मला तुळशीबाईंचं बोट आठवलं. हाई नाव कोनी लिखं? तारेवर पत्ता आलाच नव्हता. तो मी घातला होता. सरला मंगळवारी सकाळी बाजूला ठेवलेल्या मुलीकडे बघत बोट आपटत होती, आणि मी, नियमाचा माणूस, मुलीची तार आपल्या नावावर चढवून पावणेपाच वर्षं कुलपात ठेवली होती. सरला माझ्यावर रागावलेली नव्हती. ती माझ्याशी बोलतच नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि ती दुःखाची होती की कसली, ते मला आजही कळत नाही.

चुकीच्या माणसाकडे गेलेली तार पत्ता सुधारून पुन्हा द्यावी, असा नियम आहे. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. माझ्या नावावर एक रेघ मारली. वर लिहिलं, निर्मला, आणि त्याखाली आजची तारीख आणि वेळ. दुपारचे एक वाजून दहा.

मग कागद तिच्या हातात दिला.

तिने तो मांडीवर ठेवला आणि तळाशी बोट नेलं. तिथे ती थांबली.

"हाई पहिले नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

तिने एकेक शब्दावर बोट टेकवत वाचलं. "पोच द्या, कायदेबुवा."

मी टेबलाच्या पायावर बोटाने पोच वाजवली. एक आखूड, एक लांब, एक आखूड.

निर्मलाचं बोट कागदावर एक ओळ खाली सरकलं आणि पुन्हा डावीकडून चालू लागलं.